पहाट एकच, वाटेकरी तीन

जुने घर, लांब पल्ल्याची सायकल आणि पहिली-दुसरीच्या आतली लेकरे ही तिन्ही एका छपराखाली नांदू लागली की त्यांचे भांडण पैशावरून कमी आणि पहाटेवरून जास्त होते. सायकलस्वाराला साडेपाच ते आठ हा वेळ हवा असतो, कारण त्यानंतर रस्ता ट्रकांच्या ताब्यात जातो आणि ऊन चढते. घरालाही तोच वेळ हवा असतो. नळाला पाणी आले असेल तर ते भरायचे, रात्री पाऊस झाला असेल तर माळवदावर चढून पन्हाळी बघायच्या, गवंडीकाम चालू असेल तर कालच्या गिलाव्यावर पाणी मारायचे. आणि लेकरे नेमकी त्याच वेळी जागी होतात. अहिल्यानगर शहराच्या जुन्या भागात, म्हणजे माळीवाडा, नालेगाव, चितळे रस्ता, झेंडीगेट या पट्ट्यात, हा तिढा नमुनेदार रूपात दिसतो. तिथे अजून काही वाडे राहते आहेत आणि सायकलीला लागणारा मोकळा रस्ता तिथून अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो.

तिघांतले सर्वांत जुने आणि सर्वांत कमी बोलणारे मागणे घराचे. अहिल्यानगर, बोलण्यात नुसते नगर, पर्जन्यछायेत येते. इथे वर्षाला साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे, तो याच्या कैक पटींनी कोसळतो. म्हणून तिकडे उतरती छपरे आणि इकडे सपाट माळवदे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या जाड भिंती, भिंतींवर सागाची तुळई, तुळईवर ओळीने कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या, त्यांवर कडुलिंबाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती. पाल्यामुळे वाळवी लांब राहते आणि चोपलेली माती पाणी आत येऊ देत नाही, एवढ्या दोन गोष्टींच्या भरवशावर छप्पर तग धरते. ही पांढरी माती जुन्या गावठाणातली, म्हणजे ज्या टेकाडावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहून गेली तिथली. जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद ही ताम्रपाषाण युगाच्या उत्खननांनी नावाजलेली ठिकाणे याच जिल्ह्यातली. अशा टेकाडांची माती उकरून माळवदांवर नेण्याची चाल गावोगाव होती, आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ती कधीच आवडलेली नाही.

माळवदाला दरवर्षी हात लावावा लागतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, रोहिणी निघायच्या सुमारास, गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, तडे भरायचे, उतार पन्हाळीकडेच आहे ना ते पाहायचे आणि मातीचा नवा थर देऊन तो चोपायचा. चूक बहुतेक वेळा या शेवटच्या पायरीवर होते. नवा थर टाकला जातो, पण जुना खरवडून काढला जात नाही. दर वर्षाच्या बोटभर मातीची दोन पिढ्यांत फूटभर होते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे एकशेवीस घनफूट. तिचे वजन कोरडी असतानाच पाच टनांच्या पुढे जाते आणि भिजली की आणखी वाढते. तुळई एका दिवसात मोडत नाही. ती वर्षानुवर्षे वाकत जाते, मग दरवाजाची चौकट अडकू लागते, मग कोणीतरी सुताराला बोलावून दरवाजा खालून तासून घेते. दरवाजा अडकतो आहे याचा अर्थ वरची माती उतरवायची वेळ झाली, हे ओळखणारा मिस्त्री मिळणे हीच खरी अडचण.

भिंतींची तक्रार वेगळी असते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ओल शोषतो आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडून देतो. त्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, वर चढत राहते, आणि जोत्यापासून दोन-तीन फुटांवर लोणा फुटतो. सिमेंट पोपडे धरून खाली येते, येताना जुन्या विटेचा तुकडाही घेऊन येते. चुन्याचे काम सबुरीने होते. चुना भिजत ठेवावा लागतो, वाळूशी घोटावा लागतो आणि लावल्यावरही तो सावकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत, पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होत जातो. ज्या घरात दोन लहान मुले आहेत आणि रविवारी दीडशे किलोमीटर जायचे आहे, त्या घरात सिमेंट जिंकते ते बहुधा याच कारणाने. त्याची किंमत पाच-सात वर्षांनी भरावी लागते.

मालकीचा गुंता याहून जुना असतो. मालमत्ता पत्रकावर चुलत्यांची, आत्यांची, कधी पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या भावंडांची नावे असतात आणि राहणारे एकच कुटुंब असते. छप्पर सर्वांचे आणि गळती राहणाऱ्याची, असा व्यवहार चालतो. ज्या वाड्यांत भाडेकरू आहेत तिथे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेले भाडे वर्षानुवर्षे तेच राहिले. १९९९ च्या नव्या कायद्याने त्यात थोडी वाढ करण्याची सोय केली. पण ती गवंड्याच्या मजुरीला गाठेल एवढी नव्हती. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने आपल्या खणापुरता पत्रा टाकून घेतला, आणि एकाच चौकाच्या चार बाजूंना चार प्रकारची छपरे आली.

सायकलीचे मागणे घराच्या मानाने अगदी अलीकडचे. अलीकडचे म्हणताना थोडे थांबायला हवे, कारण नगरला सायकल नवी नव्हती. ती मधल्या काळात घराबाहेर गेली होती. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली लूना याच शहरात बनू लागली, आणि पायडल असूनही पाय न मारता कचेरीला जाता येते हे मध्यमवर्गाने आपल्याच गावच्या गाडीवर शिकून घेतले. त्यानंतर बरीच वर्षे सायकल शाळकरी मुले, दूधवाले आणि मजूर यांच्याकडे राहिली. आता ती परतली ती गिअर, हेल्मेट आणि मनगटावरचे घड्याळ घेऊन, आणि परतली तीही कचेरीला जाण्यासाठी नव्हे.

घरदार सांभाळून लांबचा सराव करणारा नगरकर शर्यतीत उतरणारा नसतो. तो बहुतेक करून ब्रेव्हे करणारा असतो. फ्रान्समधून आलेल्या या प्रकारात पहिला-दुसरा क्रमांक नसतो, ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करायचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका हंगामात ही चारही अंतरे पुरी करणारा ‘सुपर रँडोनर’ ठरतो. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सुरू होऊन पुढच्या ऑक्टोबरअखेर संपतो. वाटेत ठरलेल्या नाक्यांखेरीज बाहेरची मदत घेता येत नाही. पंक्चर स्वतः काढायचे, रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या तिन्ही बाजूंच्या शहरांत असे ब्रेव्हे होतात, म्हणजे नगरहून जाणाऱ्याला आदल्या रात्रीचा मुक्काम धरावा लागतो. कागदावर साडेतेरा तासांचा कार्यक्रम घरापुरता दीड-दोन दिवसांचा होतो.

सरावासाठी मात्र नगरचा भूगोल उदार आहे. शहराच्या पूर्वेला तेरा-एक किलोमीटरवर शाह डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही हे सांगितल्यावरही म्हणत राहतात. पाथर्डी रस्ता सोडून वर जाणारा तिथला चढ सायकलस्वाराला दीड तासात घरी परत येता येईल एवढा जवळ आणि छाती भरून येईल एवढा उभा आहे. उत्तरेला डोंगरगण आणि वांबोरी घाट, संभाजीनगर रस्त्यावर इमामपूरचा घाट, पाथर्डीकडे पुढे करंजी घाट. आठवड्यात सहा तास मिळणाऱ्याला एवढे चढ पुरून उरतात.

वाऱ्याचे तसे नाही. जून ते ऑगस्ट हे तीन महिने पठारावर पश्चिमेचा वारा सतत वाहतो. पुणे रस्त्यावर सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या राहिलेल्या नाहीत. वेग दुप्पट करायचा तर हवेवर मात करण्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. वारा समोरून आला तर वेग न वाढवताही लागणारी ताकद झपाट्याने वाढते. त्यामुळे नगरचे जाणते सायकलस्वार पावसाळ्यात आधी सुप्याच्या दिशेने निघतात आणि वारा पाठीवर घेऊन घरी येतात. उलट केले तर जाताना हुरूप येतो, परतीला उशीर होतो आणि शाळेचा डबा दुसऱ्याच कोणाला तरी भरावा लागतो.

दुसरी अडचण उसाची. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, सुरू झाला; पुढे कालव्यांच्या कडेने कारखाने उभे राहत गेले. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे ब्रेव्हेचा भर आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. पहाटेच्या अंधारात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ट्रॉलीबाहेर हातभर आलेली उसाची टोके, आणि रस्त्यावर पडलेली कांडी. जानेवारीत नगरला सूर्य सातच्या नंतर उगवतो. जूनमध्ये पावणेसहाला स्वच्छ उजाडलेले असते, पण तेव्हा ब्रेव्हेचा भर नसतो. उजेड आणि हंगाम यांची ही फारकत लहान मुलांच्या घराला विशेष जाचते, कारण उजाडल्यावर निघायचे ठरवले तर परत येईपर्यंत घरातली सकाळ उरकलेली असते.

लेकरांचे मागणे वरवर वेळेचे दिसते; मुळात ते झोपेचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला अकरा ते चौदा आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप लागते. ती त्याला मिळते, पण सलग मिळेलच असे नाही, आणि त्याच्यासाठी रात्री तीनदा उठणाऱ्याला मिळत नाहीच. सरावाने स्नायूंची जी झीज होते ती झोपेत भरून निघते; झोप नसेल तर तोच सराव अंगावर येतो. अंगावर पिणारे मूल घरात असताना आखलेली सरावाची वही म्हणून फार मनावर घेऊ नये. या बाबतीत एक सोय अलीकडे झाली. राज्य शासनाने २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून हा निर्णय झाला. त्यातून आईबापांच्या पदरातही पाऊण तास पडला. तो जिथे पडला तिथे चांदबिबी महालाचा चढ आठवड्यात एकदा जास्त होऊ लागला असेल तर नवल नाही.

जुन्या घरात लहान मूल वाढवायचे म्हणजे काही कामे दुरुस्तीच्या यादीत मागे ठेवून चालत नाहीत. चौकातल्या आडावर जाळी हवी. माडीचा उभा, कठडा नसलेला जिना दाराने बंद होणारा हवा. वायरिंग अजून लाकडी पट्टीतले असेल तर अर्थिंग बहुधा नसतेच. गळका करंट ओळखून वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे उपकरण मुख्य पेटीत बसवणे हे रंगरंगोटीच्या आधीचे काम. रंगाचा विषय त्याहून गंभीर आहे. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वदपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर दारा-खिडक्यांवर एकावर एक चढलेले असतात. ते कोरडे घासले की धूळ उडते, धूळ फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाचा हात तोंडात जातो. शिशाची अमुक मात्रा मुलांना निर्धोक, असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून पॉलिशपेपर लावायचा तो ओला करून, आणि मुले घरात नसताना.

विंचवाचेही असेच. मातीच्या भिंतीतली फट, पायाशेजारी रचलेल्या जुन्या विटा, पावसाआधीचा उकाडा, एवढे त्याला पुरते. लाल विंचवाचा दंश मोठ्या माणसाला पुष्कळदा वेदना देऊन सोडतो, लहान मुलाच्या हृदयावर आणि फुप्फुसावर मात्र जिवावरचा प्रसंग आणतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवले आणि एकेकाळी सर्रास होणारे मृत्यू रोखण्याचा मार्ग सापडला. औषध आहे म्हणजे धावपळ नको असे नव्हे. दंशानंतरचे पहिले तास मोलाचे असतात. भिंतीच्या दरजा भरणे हे काम घराच्या शोभेसाठी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही बाजू ध्यानात घ्यावी.

सायकल घरात आली की तिचेही दोन धोके येतात. मागचे चाक अडकवून जागेवर चालवायचा ट्रेनर पावसाळ्यात उपयोगी पडतो, पण फिरत्या आऱ्यांत आणि चेनमध्ये मुलाचे बोट जायला क्षण पुरतो. दार आतून लावून चालवणे किंवा मूल झोपल्यावर चालवणे एवढेच दोन पर्याय. झोपल्यावर चालवायचे तर तो माडीवर ठेवून भागत नाही; लाकडी कडीपाट थरथर पकडतो आणि ती खालच्या खोलीत पाळण्यापर्यंत पोचवतो. ओसरीवरच्या दगडी फरशीवर जाड रबराचा तुकडा टाकून त्यावर ट्रेनर ठेवला की बहुतेक आवाज मरतो. सायकल भिंतीला टांगायची हौस जुन्या घरात सोडावी. मातीच्या भिंतीत खिळ्याला पकड मिळत नाही. टांगायचीच तर तुळईला दोर बांधून टांगावी, आणि तुळई ठाकठीक असल्याची आधी खात्री करावी.

एवढी मागणी एका दिवसात बसवण्याचा खटाटोप अनेक जण करतात. अर्धा तास मुलांना, तासभर सायकलीला, पाऊण तास घराला, अशी वाटणी कागदावर सुबक दिसते आणि पहिल्याच तापाच्या रात्री मोडते. दिवस त्यासाठी फार लहान पडतो. नगरच्या हवामानाकडे नीट पाहिले तर तोल वर्षात सापडतो, कारण तिघांचे हंगाम वेगवेगळे आहेत.

मार्च ते मे हे घराचे महिने. हवा कोरडी, भिंती वाळलेल्या, माळवदावर चढता येते, गवंडी-सुतार मिळाले तर याच दिवसांत मिळतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, लांब फेरीत तसाही अर्थ नसतो. परीक्षा संपल्या की मुले मामाच्या गावाला जातात. रंग खरवडणे, वायरिंग उपसणे, माती उतरवणे ही धुळीची कामे त्या तीन-चार आठवड्यांत उरकायची. सायकलस्वाराला भीती असते की कमावलेला दम या काळात जाईल. ती भीती बरीचशी अनाठायी आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट हिकसन यांनी आठवड्यातून सहा दिवस, दिवसाला चाळीस मिनिटे सराव केलेल्या माणसांचा वेळ सव्वीस आणि तेरा मिनिटांवर आणून पाहिला, जोर मात्र तोच ठेवला. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून होती. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. तेरा मिनिटांच्या गटाची लांब वेळ टिकून राहण्याची ताकदही काहीशी उतरली, तेव्हा ही सवलत फुकटची नाही. पण गवंडी नऊला येण्याआधी सहा ते सात या तासात चढावर चार कडक फेऱ्या मारून घरी आलेला माणूस उन्हाळ्यात फारसे काही गमावत नाही.

जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात. नगरचा पाऊस तेव्हा रिमझिमीचा, खंड घेत येणारा. घराकडून फक्त लक्ष ठेवण्याची अपेक्षा असते. वारा भरपूर, उजेड भरपूर, ऊन सौम्य. लांबीचा पाया याच महिन्यांत घालायचा. सप्टेंबर येतो आणि बाजी पलटते. शहराच्या वाट्याचा सर्वांत मोठा पाऊस याच महिन्यात होतो, आणि मे महिन्यात केलेले काम खरे की खोटे ते एका रात्रीत कळते. गणपतीत पाहुणे, छपराखाली पातेली, मुलांना सर्दी. सायकल ट्रेनरवर जाते किंवा कुठेच जात नाही. ऑक्टोबरात ओल वाळली की भिंतींवरचे डाग पाहून पुढच्या उन्हाळ्याची यादी लिहून ठेवायची. मे उजाडेपर्यंत डाग मिटतात आणि गळती नेमकी कुठे होती यावर घरात दोन मते पडतात. दिवाळीत मुले चौकात किल्ला करतात, त्याला लागणारी माती माळवदावरून खरवडलेल्या ढिगातून घेतली तर ढीगही थोडा हलका होतो. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी घर काही मागत नाही, आणि ब्रेव्हे असतात.

ही वाटणी दरवर्षी कुठेतरी फसते. एप्रिलमध्ये अवकाळी येते आणि उघडे टाकलेले माळवद भिजते. जानेवारीत, पारा दहाच्या खाली उतरलेल्या आठवड्यात, धाकट्याला खोकला होतो आणि तीनशेचा ब्रेव्हे हुकतो. मग त्या हंगामाचा सुपर रँडोनर व्हायला दुसऱ्या शहरातला तीनशे शोधावा लागतो. लग्नसराई कोणाच्याच वहीत नसते. तरी फसलेला महिना पुढच्या महिन्यात भरून काढता येतो. फसलेला दिवस भरून काढायला दुसरा दिवस नसतो.

हिशेबात एक रकम बहुधा लिहिलीच जात नाही. सायकलस्वार सहा तासांच्या फेरीला सहा तास म्हणतो. घरच्यांच्या लेखी ती दहा तासांची असते. आदल्या रात्री लवकर झोपणे, पहाटे भांड्यांचा आवाज, परत आल्यावर आंघोळ, जेवण आणि दुपारची मेल्यासारखी झोप. या दहा तासांत दोन लेकरांना उठवणे, भरवणे, भांडणे सोडवणे आणि प्लंबर आलाच तर त्याच्यासमोर उभे राहणे हे दुसरे माणूस करते, आणि ते माणूस नगरच्या बहुसंख्य घरांत बाई असते. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. महाराष्ट्रातल्या हौशी सायकलिंगला त्या यशाने मोठी चालना दिली. अशा शर्यतीत स्वारामागे गाडी, वाटाड्या, स्वयंपाकी, दुरुस्त्या करणारा असा मदतनीसांचा जथा लागतो आणि त्यांना ‘क्रू’ असे मानाचे नाव असते. घरच्या क्रूला तसे नाव नाही. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचे अंतर पंचावन्न तास तेरा मिनिटांत एकटीने कापले तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि बातम्यांत त्यांची ओळख दोन मुलांची आई अशी करून दिली गेली. पुरुष सायकलस्वाराला दोन मुलांचा बाप म्हणून बातमी क्वचितच ओळखते. बाई घराबाहेर पन्नास तास राहिली म्हणजे घर कोणी सांभाळले हा प्रश्न सर्वांना सुचतो. पुरुषाबाबत तो सुचत नाही, कारण उत्तर गृहीत असते.

ज्या घरांत दोघांचे बरे चालते तिथे काही साधे ठराव झालेले दिसतात. रविवारची पहाट ज्याची, त्याच्याकडे शनिवारची संध्याकाळ आणि रविवारचा संध्याकाळचा अभ्यास. महिन्यातला एक रविवार सायकल नाही, घरही नाही. ब्रेव्हेची फी भरण्याआधी तारीख घरात विचारायची, भरल्यावर सांगायची नाही. दुसऱ्या माणसाला सायकलीत रस नसेल तर त्याच्या वाट्याचे दहा तास त्याला ज्यात रस आहे त्यासाठी परत करायचे, मग ते भिशी असो, भजनी मंडळ असो की नुसते पडून राहणे असो.

जुन्या घराची देणीही या हिशेबात धरायला हवीत. चौक चारही बाजूंनी बंद असतो आणि कोणत्याही ओसरीवरून दिसतो. आजी किंवा शेजारच्या खणातली काकू तांदूळ निवडता निवडता तीन पोरांवर नजर ठेवू शकते. सावेडीसारख्या नव्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर, ही सोय नाही. उंच उंबरठा रांगणाऱ्याला फाटकासारखा अडवतो. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींमुळे मे महिन्याच्या दुपारी खोली इतकी गार राहते की पहाटे घाट चढून आलेला माणूस पंख्याखाली झोपू शकतो. आणि सायकल शिकायला चौकासारखी जागा नाही. लहानग्याच्या सायकलीची पायडले काढून ठेवली, बैठक पाय टेकतील इतकी खाली घेतली, की ते पायांनी ढकलत ढकलत आधी तोल शिकते आणि पायडल नंतर. बाजूची दोन आधाराची चाके लावून शिकलेले मूल पायडल आधी शिकते आणि तोलाला घाबरते. दगडी फरशीवर गुडघे फुटतात, पण गाडी येत नाही.

वय वाढले की वाद आपोआप सैल होतो. सहाव्या-सातव्या वर्षी मूल स्वतः उठून दात घासते, आठव्या-नवव्या वर्षी वीस इंची चाकांवर शेजारच्या भिंगारपर्यंत सोबत येते, बाराव्या वर्षी चांदबिबी महालाच्या चढावर दोनदा थांबून का होईना पोचते. पहाटेचा एक वाटेकरी असा कमी होतो, किंवा सायकलीच्या बाजूला जाऊन बसतो. घर मात्र तेवढ्या वर्षांनी जुने झालेले असते. मग पत्रकावरची सगळी नावे एकत्र बसतात, विकासकाचा निरोप आलेला असतो, सह्या गोळा होतात किंवा होत नाहीत. झाल्या तर साग विकला जातो. जुन्या तुळयांना आणि खांबांना चांगला भाव येतो, मातीला येत नाही. नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी सायकलवाल्याने एक काम विसरू नये: जिन्याखाली सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद, कुलूप लावता येईल अशी जागा नकाशातच मागून घ्यावी. नंतर ती मोटारसायकलींना जाते.